चाल अडली की खेळायला लागा

कविता समोर असते, शब्द आवडलेले असतात, भाता हलत असतो आणि जे सुचतं ते कुठल्या तरी ऐकलेल्या गाण्याच्या वळणावर जाऊन पडतं. पुन्हा सुरुवात केली की स्वारी भैरवीत शिरते. आणखी एकदा केली की आपल्याच मागच्या चालीचा अंतरा उगवतो. मग हात आखडतो, पेटी बंद होते आणि ‘सध्या काही सुचत नाही’ हे वाक्य आठवडाभर तोंडात राहतं. गॅदरिंगच्या स्वागतगीताला चाल लावणारे शिक्षक असोत, एकांकिकेचं संगीत अंगावर घेतलेली कॉलेजची मुलं असोत, मंडळासाठी अभंगाला नवी चाल बांधणारे बुवा असोत, की लॅपटॉपवर रात्री ट्रॅक रचणारी पोरं असोत, घोडं अडतं ते साधारण एकाच जागी.

चाल बांधताना दोन कामं करायची असतात. स्वर काढून बघायचे, आणि त्यातलं काय ठेवायचं ते ठरवायचं. अडलेला माणूस ही दोन्ही कामं एकाच श्वासात करायला जातो. पहिली ओळ गुणगुणून पुरी व्हायच्या आत ती कुणासारखी वाटते, लोकांना रुचेल का, गुरुजी काय म्हणतील याचा निवाडा सुरू होतो. निवाडा करणारा कान चांगलाच असतो, वर्षानुवर्षं ऐकून तयार झालेला असतो. तो वेळेआधी येऊन बसतो, एवढीच अडचण आहे. त्याला तासभर बाहेर थांबवण्याचा मला माहीत असलेला सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे खेळ.

इथे एक गैरसमज आधी दूर करायला हवा. ‘मन मोकळं सोडा, वाटेल ते वाजवा’ हा सल्ला अडलेल्या माणसाला उपयोगी पडत नाही. मोकळा सोडलेला हात सवयीच्या जागीच जातो. बोटांना पाठ असलेल्या हरकती बोटं घेतात आणि आपण पुन्हा तिथेच येऊन थांबतो. खेळात असा मोकाटपणा नसतोच. लंगडीत दुसरा पाय टेकला की बाद, त्यात सवलत नाही, आणि म्हणूनच एका पायावर जे करता येतं ते सगळं आपण करून पाहतो. संगीतातल्या खेळालाही असाच एक कडक नियम लागतो. निकाल मात्र लागत नाही. हे दोन्ही सांभाळलं की पुढचं बरंचसं आपोआप होतं.

मोठ्यांनीही हे केलेलं आहे. कामिय सँ-साँ या फ्रेंच संगीतकाराने १८८६ च्या सुरुवातीला, जर्मनीचा बेताचाच यशस्वी दौरा आटोपून ऑस्ट्रियातल्या एका लहान गावात सुट्टी घालवताना ‘प्राण्यांचा कार्निव्हल’ नावाची चौदा तुकड्यांची रचना केली. त्याच वर्षी त्याची भारदस्त तिसरी सिंफनीही पुरी झाली. कार्निव्हलमध्ये त्याने नुसती गंमत केली आहे. ऑफेनबाखचं सुसाट पळणारं कॅन-कॅन नृत्य घेतलं आणि ते कासवासाठी अगदी रेंगाळत्या लयीत वाजवायला लावलं. नाजूक पऱ्यांचं नृत्य हत्तीच्या वाट्याला देऊन ते डबल बासवर ठेवलं. सुरांचे पलटे घोटणाऱ्या पियानोवादकांनाही प्राण्यांच्या यादीत बसवलं. आपल्या नावाला कमीपणा येईल म्हणून ‘हंस’ हा एक तुकडा सोडला तर बाकीची रचना त्याने हयातीत छापू दिली नाही. ती १९२२ साली, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली आणि आज जगभर त्याच्या सर्वांत जास्त वाजणाऱ्या रचनांपैकी एक तीच आहे. त्याने काय केलं ते नीट बघा. ओळखीची चाल घेतली आणि तिची एकच गोष्ट बदलली, एकदा लय, एकदा वाद्य. हा खेळ तुम्ही आज संध्याकाळी करू शकता. उडत्या चालीचं एखादं गाणं विलंबितात गाऊन बघा. दोन ओळी होईपर्यंत मूळ गाणं मागे पडतं आणि स्वरांमधल्या ज्या अंतरांकडे कधी लक्षच गेलं नव्हतं ती ऐकू येऊ लागतात.

आता पेटीवर बसू. घरात हार्मोनियम असेल किंवा साधा कीबोर्ड असेल तर हा खेळ मला सगळ्यांत जास्त आवडतो. नियम असा की पांढऱ्या पट्ट्यांना हात लावायचा नाही, फक्त काळ्या पाच. काळी तीन षड्ज धरली की त्या पाच पट्ट्यांवर भूपाचे स्वर मिळतात. थोडा वेळ त्यात फिरा. मग मोबाइलवरच्या तानपुऱ्याचा स्वर बदलून काळी पाच करा. पट्ट्या त्याच, बोटंही त्याच वाटांनी जाणार, पण आता तेच स्वर मालकंसाचे झाले. या वेळी तानपुरा मध्यमात लावायला विसरू नका, कारण मालकंसात पंचम नाही आणि पंचमाचा तानपुरा चालू राहिला तर सगळं बेसूर वाटेल. मग तानपुरा पंचमात आणून काळी एक षड्ज करा, दुर्गा येईल. काळी चार केली तर मध्यमाद सारंग, काळी दोन केली तर धानी. आपल्या शास्त्रात याला मूर्च्छना म्हणतात. मैफलीत एखादा कसलेला गायक चालू रागातला दुसराच स्वर क्षणभर षड्ज मानून निराळ्या रागाची छाया दाखवतो तेव्हा हेच घडत असतं.

जाणकार म्हणतील, नुसते पाच स्वर म्हणजे राग नव्हे. बरोबर आहे. भूप आणि देशकार यांचे स्वर एकच असून दोघांचा स्वभाव वेगळा आहे, चलन वेगळं आहे. पण इथे राग मांडायचा नाहीच. इथे एवढंच हवंय की जी बोटं पंधरा मिनिटांपूर्वी ठरलेल्या वळणावर जात होती त्याच बोटांखालून अनपेक्षित स्वर निघावा आणि कानाने दचकावं. तानपुरा बदलल्यावर पहिल्या मिनिटात हात जिथे चुकल्यासारखा वाटतो, त्या जागेवर लक्ष ठेवा. नवी चाल सुरू होते ती बहुधा तिथूनच.

दुसरा खेळ चिठ्ठ्यांचा. राजा, राणी, चोर, शिपाई खेळायला आपण चार चिठ्ठ्या करायचो, तशाच चार करा आणि त्यांवर सा, ग, प, ध लिहा. आणखी चार चिठ्ठ्यांवर मात्रा लिहा, १, १, २, ४. बेरीज आठ, म्हणजे केरव्याचं एक आवर्तन. दोन्ही ढिगांतून एकेक उचलत जा. समजा स्वर आले ध, सा, प, ग आणि मात्रा आल्या १, १, २, ४. ‘ध सा’ झटकन होऊन जातात, पंचमावर जरा टेकतो आणि गंधारावर लांब मुक्काम होतो. चाल शांत, विसावलेली वाटते. आता स्वर तेच ठेवा, मात्रांच्या चिठ्ठ्या पुन्हा टाका. आल्या ४, १, १, २. धैवत लांबला, पुढचे तिघे खाली घसरत आले आणि त्याच चार स्वरांमध्ये हुरहूर आली. एक स्वरही बदललेला नाही. चार स्वरांचे क्रम २४ होतात, या मात्रांच्या मांडण्या १२ होतात, गुणाकार २८८. म्हणजे नुसत्या आठ चिठ्ठ्यांमधून २८८ तुकडे निघतात, आणि ‘सगळं वाजवून झालंय, नवं काही उरलंच नाही’ असं म्हणणाऱ्याने हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

हा हिशेब आपल्याकडे फार जुना आहे, आणि त्याचा पत्ता महाराष्ट्रातलाच आहे. तेराव्या शतकात देवगिरीला, यादव राजा सिंघण याच्या पदरी शार्ङ्गदेव होता. राज्याच्या हिशेबखात्याचा हा अधिकारी, आणि त्याने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. सात स्वर एकेकदाच घेतले तर ५,०४० क्रम होतात, आणि त्यांतला अमुक क्रमांकाचा प्रस्तार कोणता हे शोधून काढायची रीत त्याने खंडमेरूच्या कोष्टकाने समजावली. पुढे याच मेरुखंडाच्या, म्हणजे स्वरांचे क्रम पालटत जाण्याच्या, अंगाने मुंबईचं भेंडीबाजार घराणं गायलं, उस्ताद अमीर खाँ गायले. त्यांच्या गाण्यात गणिताचा कोरडेपणा शोधून सापडणार नाही. अनेक क्रम घोटून झालेले असले की त्यांतला नेमका कोणता इथे शोभेल ते गळ्याला कळू लागतं. आपल्याला ५,०४० नकोत, २४ पुरे आहेत, पण ते गळ्यातून किंवा बोटांतून काढायचे. नुसते वहीत उतरवून काही होत नाही.

लयीचा खेळ याहून सोपा आहे आणि त्याला वाद्यही लागत नाही. कवितेची ओळ बाजूला ठेवा आणि अगदी रुक्ष वाक्य घ्या. भाजीवाल्याचा भाव घ्या, ‘कांदे चाळीस, बटाटे तीस’. मांडीवर केरवा धरून म्हणा. सहज बसतं. आता तेच रूपकात, सात मात्रांत बसवा. एक मात्रा कमी पडली, आता कुठला शब्द आवळायचा? ‘बटाटे’ आधी उचलायचा की ‘चाळीस’ तोडायचा? शिवाय रूपकाची सम ‘खाली’च्या मात्रेवर येते, त्यामुळे जिथे जोर द्यायची सवय आहे नेमकं तिथेच हात हवेत जातो. दहा मिनिटं झगडलात की वाक्याला एक लंगडती, गोड चाल येते. याचा फायदा असा की भाजीच्या भावाशी आपलं काहीच भावनिक देणंघेणं नसतं. आवडत्या कवितेचं दडपण येतं, कवीच्या नावाचं तर जास्तच येतं. कांद्या-बटाट्याचं कसलं दडपण? लय सापडली की शब्द काढून टाका आणि खाली कवितेची ओळ ठेवून बघा.

आपल्याकडच्या बायकांनी अशीच गाणी पिढ्यान्‌पिढ्या रचली. भोंडल्याची गाणी, मंगळागौरीच्या झिम्मा-फुगडीची गाणी ही मुळात खेळाची गाणी. पाय आधी पडतात, टाळी आधी वाजते आणि शब्द तिच्यामागून येतात. थोडक्या स्वरांत फिरणारी ही गाणी इतकी टिकली याचं मोठं कारण ती अंगातून आली आहेत. तेव्हा खुर्चीवर बसून अडलात तर उठा. चालता चालता पावलांवर ओळ म्हणा, जिना चढताना म्हणा, मग वेग वाढवा.

वाद्य बदलणं हाही एक खेळ आहे. इंग्लंडचे संगीतकार ब्रायन ईनो आणि चित्रकार पीटर श्मिट यांनी १९७५ साली पत्त्यांचा एक जोड काढला. काम अडलं की एक पत्ता ओढायचा आणि त्यावरची सूचना, पटो वा न पटो, पाळायची. ईनो गायक डेव्हिड बोवीसोबत काम करत असताना १९७९ च्या ‘लॉजर’ या अल्बममधल्या एका गाण्यासाठी वादकांची वाद्यंच बदलण्यात आली. गिटारवाला ड्रमवर बसला, ड्रमवाल्याने बास उचलली. सराईत हातांची सफाई गेली आणि गाण्याला हवा तो कच्चा जोर मिळाला. आपल्याकडे राहुलदेव बर्मन यांच्या रेकॉर्डिंगमध्ये तर असे खेळ कायमचेच. ‘यादों की बारात’मधल्या एका गाण्याच्या आरंभी काचेच्या ग्लासचा नाद आहे, ‘शोले’त अर्धवट भरलेल्या बाटल्यांमध्ये फुंकून काढलेला आवाज आहे, ‘किताब’मध्ये शाळेच्या बाकांवर वाजवलेला ठेका आहे. तुम्ही तबला वाजवत असाल तर आजची चाल गाऊन बांधा. गात असाल तर स्टीलच्या डब्यावर ठेका धरून सुरुवात करा. ज्या वाद्यावर आपण नवखे असतो तिथे आपल्याकडून कुणाला अपेक्षा नसतात, आपल्याला स्वतःलाही नसतात.

ईनोचा जोड विकत घ्यायची गरज नाही. आपल्या कामाच्या चिठ्ठ्या आपणच करायच्या, कारण अडण्याच्या जागा ज्याच्या त्याच्या असतात. माझ्या डब्यातल्या काही सांगतो. आज पंचम वर्ज्य. अंतरा आधी करा, मुखडा नंतर. ओळ समेवर सुरू करायची नाही, सम जाऊ द्या आणि मग उचला. फक्त मंद्र सप्तक. सगळ्यात आवडती जागा काढून टाका. दोन ओळींच्या मध्ये एक पूर्ण आवर्तन रिकामं सोडा. यातली आवडत्या जागेची चिठ्ठी सगळ्यांत जड जाते आणि सगळ्यांत जास्त देऊनही जाते, कारण पुष्कळदा एका सुरेख हरकतीला जपायच्या नादात अख्खी चाल तिच्याभोवती अडकून पडलेली असते.

एक खेळ मी जरा धीर करून सुचवतो, कारण ऐकायला तो विचित्र वाटतो. दहा मिनिटांत मुद्दाम वाईट चाल करा. जितकी भडक, जितकी उसनी, जितकी रडकी करता येईल तितकी. निवाडा करणाऱ्या कानाला इथे कामच उरत नाही, त्याला नाकारायला जे हवं तेच आपण आनंदाने करत असतो. आणि वाईट करायला बसलं की कळतं, वाईटही नुसतं ठरवून होत नाही. मध्येच कुठे तरी एखादी सच्ची ओळ निसटून येते.

लॅपटॉपवर काम करणाऱ्यांची अडचण थोडी वेगळी आहे. त्यांच्याकडे आवाज हजारो, ट्रॅक हवे तितके, आणि आठ बारचा लूप रात्रभर फिरत राहतो, त्याच्यापुढे गाणं सरकत नाही. त्यांच्यासाठी नियम कमी करण्याचाच हवा. तीनच ट्रॅक, त्यातला एक घरातल्या एखाद्या वस्तूच्या आवाजाचा, कुकरची शिट्टी, दाराची कडी, काहीही. लूप पुढे सरकत नसेल तर त्यात भर घालू नका, सगळ्यात ठळक आवाज बंद करा आणि उरलेल्यावर तोंडाने गा.

खेळ जमायचा असेल तर दोन-तीन पथ्यं पाळावी लागतात. वेळ बांधून घ्या, पंधरा-वीस मिनिटं, गजर लावून. गजर वाजला की रंगात आलेलं असलं तरी थांबा, म्हणजे उद्या बसायची ओढ राहते. मोबाइलचं रेकॉर्डिंग पहिल्या क्षणापासून चालू ठेवा, पण त्या दिवशी ते ऐकू नका आणि कुणाला पाठवू नका. मित्रांच्या ग्रुपवर टाकलं की लगेच अंगठे मोजणं सुरू होतं आणि खेळ संपतो. जोडीला कुणी असेल तर उत्तमच. सवाल-जवाब करा, एकाने चार मात्रांचा तुकडा टाकायचा, दुसऱ्याने त्याच लयीत उत्तर द्यायचं, विचार करायला थांबला तो बाद. मात्र जोडीदार हसणारा असावा, दुरुस्त्या सांगणारा नको.

दुसऱ्या दिवशी निवाडा करणाऱ्या कानाला सन्मानाने आत बोलवा. पेन्सिल घेऊन रेकॉर्डिंग ऐका आणि कान टवकारला त्या मिनिटाची नोंद करा. वीस मिनिटांतून एखादाच तुकडा ठेवायचा. त्यावर कवितेची ओळ चढवा आणि आता मात्र कठोर व्हा. ऱ्हस्व अक्षर उगाच ताणलं जातंय का? शब्द मध्येच तुटून अर्थ बदलतोय का? ओळीतल्या ज्या शब्दावर कवीचा जीव आहे तिथे स्वरही थांबतो का? इथे खेळ संपतो आणि कारागिरी सुरू होते, आणि ती मेहनत दुसरं कुणी करून देत नाही. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ सुरू झालं तेव्हापासून वर्षभर दर आठवड्याला नवं गीत उभं राहिलं, एकूण ५६. गीतकार गदिमा आणि संगीतकार बाबूजींच्या मागे तेवढी कारागिरी होती म्हणूनच ते निभलं.

प्रत्येक अडण्याला खेळ हे औषध नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. काही वेळा आत साठाच उरलेला नसतो. मग वाजवणं थांबवून ऐकायला बसावं. कुमार गंधर्वांना क्षयाने अंथरुणाला खिळवलं, काही वर्षं गाणं बंद होतं, पण देवासला कानावर पडणाऱ्या माळव्याच्या लोकधुना ते ऐकत राहिले. पुढे त्यांतूनच त्यांचे धुनउगम राग उभे राहिले आणि १९६५ साली ‘अनूपरागविलास’ आलं. काही वेळा नुसता थकवा असतो, त्याला झोप लागते. आणि काही वेळा गोष्ट याहून खोल असते. रशियाचा संगीतकार रखमानिनॉव्ह पहिल्या सिंफनीच्या १८९७ च्या अपयशाने इतका खचला की जवळपास तीन वर्षं त्याच्या हातून फारसं काही रचलं गेलं नाही. १९०० साली त्याने डॉ. निकोलाय डाल यांचे उपचार घेतले, १९०१ मध्ये दुसरा पियानो कॉन्चेर्तो पुरा केला आणि तो त्या डॉक्टरांनाच अर्पण केला. संगीतच नव्हे तर जेवण, झोप, माणसं, कशातच मन लागत नसेल तर चिठ्ठ्या बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. सरकारच्या टेलीमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठीच आहे, आणि तिथे मराठीतून बोलता येतं.

बाकीच्यांनी आज रात्री आठ चिठ्ठ्या कापाव्यात. पेटी नसेल तर गळा आहे, गळा बसला असेल तर मांडी आणि डबा आहे. खेळातले उरलेले तुकडे पुसून टाकू नका, तारीख घालून ठेवून द्या. आज ज्याला काही अर्थ वाटला नाही तो तुकडा सहा महिन्यांनी दुसऱ्याच कवितेला लागतो.